माशीमारांच्या नोंदींसाठी ईबर्ड: स्थलांतराला उत्तम, विणीला अर्धवट

ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याचं ॲप फुकट आहे, रेंज नसली तरी चालतं आणि महाराष्ट्र-गोव्यात नियमाने पक्षी बघणाऱ्या बहुतेकांच्या फोनवर ते आधीपासूनच आहे. तेव्हा ते घ्यावं की नाही याची चर्चा करत बसत नाही. हे परीक्षण एका नेमक्या कामापुरतं आहे: आपल्या घाटात, आपल्या तालुक्यात माशीमार (फ्लायकॅचर पक्षी) कधी येतात, कधी जातात आणि इथलेच रहिवासी कुठे, कोणत्या महिन्यात वीण करतात, हे टिपून ठेवायला ही सेवा किती कामाची आहे? गुण द्यायचेच तर स्थलांतराला पाचपैकी साडेचार आणि विणीला अडीच. ते अडीचही शेजारी वही ठेवणाऱ्यांनाच पदरात पडतील.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने आणि ऑड्युबन सोसायटीने 2002 साली हे सुरू केलं, 2010 पासून ते जगभर खुलं झालं. आपल्याकडे 2007 मध्ये सुरू झालेल्या मायग्रंटवॉच या उपक्रमात हिवाळी पाहुणा पहिल्यांदा कधी दिसला, एवढीच तारीख प्रामुख्याने मागितली जायची. त्या नोंदी पुढे ईबर्डमध्येच आल्या. एका तारखेवरून पूर्ण यादीवर झालेला हा बदल माशीमारांच्या बाबतीत फार मोलाचा ठरला. कारण 'पहिला कधी दिसला' हे बरेचदा 'आपण पहिल्यांदा कधी बाहेर पडलो' याचंच उत्तर असतं.

कुठल्याही नोंदपद्धतीची परीक्षा घ्यायला माशीमारांसारखा गट नाही. टिकेल्स ब्लू बारमाही. व्हाइट-बेलीड ब्लू फक्त पश्चिम घाटातला, सदाहरित जंगल सोडत नाही. व्हर्डिटर, अल्ट्रामरीन, ब्लू-थ्रोटेड ब्लू हे हिमालयात वीण करून हिवाळ्याला खाली येणारे. रेड-ब्रेस्टेड तर पूर्व युरोप आणि पश्चिम सायबेरियाच्या बाजूने येतो. ब्राउन-ब्रेस्टेड ईशान्य भारत आणि त्यापलीकडून निघून केरळ-श्रीलंकेकडे जाताना आपल्या घाटातून घाईने पार होतो. स्पॉटेड आफ्रिकेला जाता जाता पश्चिम भारतात थोडा वेळ टेकतो. आणि एशियन ब्राउन सगळ्यात चकवणारा: बहुसंख्य पक्षी हिवाळी पाहुणे, पण पश्चिम घाटात काही ठिकाणी तो वीणही करतो. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी. (स्वर्गीय नर्तक म्हणजे पॅराडाइज फ्लायकॅचर, नाचण आणि ग्रे-हेडेड कॅनरी हे शास्त्रीय दृष्ट्या माशीमारांच्या कुळातले नाहीत. पण त्यांची नोंद ठेवण्याची रीत तीच, म्हणून इथे त्यांनाही सोबत घेतलं आहे. बाकी नावं इंग्रजीच वापरली आहेत, कारण रानात सगळे तीच बोलतात आणि मराठी नावांत एकवाक्यता कमी आहे.)

आता वापर. घरून निघण्याआधी आपल्या भागाचा पक्ष्यांचा पॅक वाय-फायवर उतरवून घ्यावा. घाटात पोचल्यावर ते सुचलं तर उशीर झालेला असतो. चालायला लागताना चेकलिस्ट म्हणजे यादी सुरू करावी, चाललेल्या वाटेचा ट्रॅक चालू ठेवावा. नाव शोधताना अर्धे शब्दही चालतात, 'टिक फ्लाय' एवढ्यावर टिकेल्स ब्लू समोर येतो. शेवटी विचारलं जातं की दिसलेले-ऐकलेले ओळखता आले तेवढे सगळे पक्षी नोंदवले का. या एका प्रश्नावर पुढचा सगळा डोलारा उभा आहे. 'हो' म्हटलं की ती 'पूर्ण यादी' होते. तसं म्हणायचं असेल तर कावळा, बुलबुल, सातभाई सगळे हवेत. फक्त माशीमार लिहून 'हो' दाबलं तर त्या जागी इतर काहीच नव्हतं असा अर्थ निघतो आणि आपण चांगल्या आकडेवारीत खडे टाकतो.

लांबलचक याद्या हा आपल्याकडचा जुना रोग. सकाळी सहा ते दुपारी एक, अकरा किलोमीटर, एकच यादी. सिंहगड व्हॅलीत पायथ्याची काटेरी झुडपं आणि ओढ्याकाठची गर्द झाडी यांत माशीमारांचे प्रकारच बदलतात. सगळं एका यादीत कोंबलं की अल्ट्रामरीन नेमका कुठे होता ते कायमचं हरवतं. अर्ध्या-पाऊण तासाच्या, दीड-दोन किलोमीटरच्या याद्या कराव्यात. झाडी बदलली की यादी संपवावी, नवी सुरू करावी. पाणवठ्यावर बसून राहणार असाल तर ती वेगळी, एका जागेची यादी. आणि जीपमध्ये बसण्याआधी यादी थांबवा. ती चालूच राहून चाळीस किलोमीटरची 'पायपीट' नोंदवली जाते, हे फार वेळा घडतं. नंतर संकेतस्थळावर अंतर आणि वेळ दुरुस्त करता येतात, पण त्यासाठी खरा आकडा आठवावा लागतो.

या शिस्तीचं फळ म्हणजे स्तंभालेख. जिल्हा निवडा, प्रत्येक पक्ष्यापुढे वर्षभराची पट्टी दिसते. महिन्याचे चार भाग: 1 ते 7, 8 ते 14, 15 ते 21 आणि 22 ते महिनाअखेर. पट्टीची जाडी म्हणजे त्या आठवड्यातल्या पूर्ण याद्यांपैकी किती टक्क्यांत तो पक्षी आहे. समजा ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात 40 पूर्ण याद्या आहेत आणि 10 यादींत रेड-ब्रेस्टेड आहे, तर 25 टक्के. याद्या दोनच असतील आणि एकीत तो असेल तर 50 टक्के, आणि पट्टी दुप्पट जाड. म्हणून पट्टी बघताना त्या आठवड्यात याद्या किती होत्या ते आधी बघायचं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पट्टी हळूहळू भरत जाणं आणि मार्च-एप्रिलमध्ये बारीक होत जाणं हे खरं स्थलांतराचं चित्र. एकटी पहिली तारीख यापुढे फिकी पडते. राज्याची पट्टी मात्र फसवी असते. कोकण, देश, विदर्भ सगळं एकत्र येतं आणि स्वर्गीय नर्तक बारमाही वाटायला लागतो. जिल्हा लावला की कुठे तो उन्हाळ्यात वाढतो आणि कुठे फक्त हिवाळ्यात दिसतो, ते सुटं होतं. एखाद्या हॉटस्पॉटचीही (सगळ्यांनी मिळून वापरायच्या पक्षी बघण्याच्या ठिकाणाची) स्वतंत्र पट्टी बघता येते, पण तिथे किमान दोन-तीन वर्षं दर आठवड्याला कुणी जात असेल तरच ती बोलते.

म्हणून माशीमार न दिसलेली यादीही तितकीच पाठवावी. ऑगस्टअखेर दर रविवारी त्याच वाटेवरची पाऊण तासाची यादी, ज्यात एकही पाहुणा नाही, ती आगमनाची तारीख ठरवायला डिसेंबरातल्या दहा याद्यांपेक्षा जास्त उपयोगी.

ओळखीच्या बाबतीत ईबर्डची चाळणी बरी आहे, पण माशीमारांना ती पुरी पडत नाही. त्या भागात, त्या दिवसांत अनपेक्षित असलेल्या पक्ष्यापुढे लाल खूण येते आणि तपशील मागितला जातो. स्वयंसेवक परीक्षक ते तपासतात, गरज पडली तर मेल करतात. नोंद मान्य झाली नाही तरी ती आपल्या वैयक्तिक यादीत राहते, सार्वजनिक नकाशात जात नाही. तक्रार करण्यासारखं यात काही नाही. फक्त उत्तराला वेळ लागतो, कारण हे काम लोक फावल्या वेळात करतात. अडचण वेगळीच आहे: चाळणी दुर्मीळ नाव पकडते, सामान्य नावाखाली झालेली चूक पकडत नाही. रेड-ब्रेस्टेड म्हणून टाकलेला, त्याच्यासारखाच दिसणारा टायगा फ्लायकॅचर कोणतीही खूण न लागता आत जातो.

त्यामुळे काही गोष्टी आपणच बघायच्या. रेड-ब्रेस्टेडची खालची चोच बुडाशी फिकट, टायगाची पूर्ण काळी. टायगाच्या शेपटीवरची झाकणारी पिसं शेपटीइतकी किंवा तिच्याहून काळी, रेड-ब्रेस्टेडची जरा तपकिरी. आवाज दोघांचाही खर्रर्र, पण रेड-ब्रेस्टेडचा संथ, टप्पे मोजता येतील असा. टायगाचा एकसलग, किड्यासारखा. टायगाचा नर हिवाळ्यात गळ्याचा नारिंगी रंग गमावतो, म्हणून डिसेंबरात भरगच्च नारिंगी नर दिसला तर तो बहुतेक रेड-ब्रेस्टेडच. यातलं काहीच नीट दिसलं नसेल तर ईबर्डमध्ये 'रेड-ब्रेस्टेड/टायगा' असा जोडनावाचा पर्याय आहे, तो वापरण्यात कमीपणा नाही. काश्मीर फ्लायकॅचर लिहिण्याआधी तर दोनदा थांबावं. नारिंगी-तांबड्या छातीला दोन्ही बाजूंनी काळी किनार दिसली पाहिजे आणि फोटो हवाच. तो काश्मीरकडे वीण करून निलगिरी आणि श्रीलंकेच्या डोंगरांत हिवाळा काढतो. आपल्याकडे ती वाटेतली, क्वचितची गोष्ट.

एशियन ब्राउन आणि ब्राउन-ब्रेस्टेड वेगळे करायला पाय बघा: पहिल्याचे काळपट, दुसऱ्याचे फिकट. ब्राउन-ब्रेस्टेडची खालची चोचही पूर्ण पिवळी. त्याच्या शास्त्रीय नावातला 'मुट्टुई' म्हणजे पक्षी अभ्यासक लेयार्डच्या हाताखालचा मुट्टू, ज्याने जाफन्यात हा पक्षी त्याला आणून दिला. साहेबांची नावं मिरवणाऱ्या पक्ष्यांच्या गर्दीत हे एक नाव बघून बरं वाटतं. स्पॉटेडच्या कपाळावर आणि छातीवर बारीक रेघा असतात आणि एशियन ब्राउनसारखं ठसठशीत पांढरं कडं त्याच्या डोळ्याभोवती नसतं.

मर्लिन हे त्याच प्रयोगशाळेचं ओळख करून देणारं ॲप. आवाजावरून ते नाव सुचवतं, आणि सुचवणं एवढंच त्याचं काम. स्क्रीनवर नाव चमकलं म्हणून पक्षी न बघता, न ऐकता यादीत टाकणं चुकीचं.

आता वीण. नोंद करताना प्रत्येक पक्ष्यासमोर विणीचा संकेत भरता येतो. तीन पायऱ्या आहेत: शक्य, संभाव्य, निश्चित. कल्पना उत्तम, पण संकेत सगळ्या पक्ष्यांसाठी एकच आहेत आणि माशीमारांच्या सवयींशी ते ठिकठिकाणी अडखळतात. 'गाणारा पक्षी' हा संकेत टिकेल्स ब्लूला जानेवारीत लावून काही हाती लागत नाही, तो जवळजवळ वर्षभर गातो. रेड-ब्रेस्टेड किंवा व्हर्डिटर परत जाण्याआधी इथेही गळा साफ करतात. त्यांना विणीचा कुठलाच संकेत लावायचा नाही, वर्तन टिप्पणीत लिहायचं. 'योग्य अधिवासात' हा संकेत तर रहिवासी पक्ष्याला सरसकट लावला जातो आणि त्यामुळेच निरुपयोगी होतो.

सगळ्यात जास्त घोळ 'खाद्य नेताना' या संकेतात. हा निश्चित विणीच्या वर्गात मोडतो. पण माशीमार पतंग पकडून फांदीवर येतो, आपटतो, पंख झाडतो आणि मग गिळतो. तेवढ्या वेळात बघितलं तर चोचीत खाद्य आहेच. तोच पक्षी खाद्य न गिळता दोन-तीनदा एकाच दिशेला, एकाच दाट जागेत गेला, तरच हा संकेत. पिल्लाला भरवताना दिसलं तर 'पिल्लांना भरवणं' लावा. पिल्लाने टाकलेली पांढरी विष्ठेची पिशवी घेऊन पक्षी बाहेर पडताना दिसला तर त्याचा वेगळा संकेत आहे, आणि घरट्याजवळ न जाता मिळणारा हा सर्वांत भक्कम पुरावा.

टिकेल्स ब्लू आणि व्हाइट-बेलीड ब्लू घरटं बांधतात ते पायवाटेच्या कडेच्या मातीच्या उताराच्या खोबणीत, मुळांच्या आडोशाला, झाडाच्या ढोलीत. पाचोळा, शेवाळ, मुळ्या वापरून. बाहेरून फार काही दिसत नाही. पक्षी आत शिरून बराच वेळ बाहेर आला नाही तर 'वापरातलं घरटं', नुसता जागेवर घुटमळला तर 'संभाव्य घरट्याला भेट'. आत डोकावून अंडी मोजण्यासाठी संकेत वर चढवायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांची अंडी वा घरटी विचलित करणंही येतं, हे लक्षात असू द्यावं.

स्वर्गीय नर्तकाचं घरटं उघडं, फांदीच्या बेचक्यात, बाहेरून कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली नेटकी वाटी. नाचणाचीही वाटी जाळ्यांनीच लिंपलेली असते. म्हणून रिकामी वाटी बघून 'वापरलेलं घरटं' असा संकेत या दोघांना लावू नये. नर्तकात नर-मादी दोघंही अंड्यांवर बसतात आणि लांब शेपटी न आलेला तांबूस तरुण नरही वीण करतो. तेव्हा घरट्यावर तांबूस, आखूड शेपटीचा पक्षी दिसला म्हणजे मादी, हे गृहीत चुकतं. वय-लिंगाच्या तक्त्यात 'अज्ञात' हा रकाना आहे. रेड-ब्रेस्टेडच्या बाबतीतही तोच वापरा, पहिल्या हिवाळ्यातला नर मादीसारखाच दिसतो.

पिल्लं घरट्याबाहेर पडली की अंगावर ठिपके असतात, शेपूट तोकडी असते, ओठांच्या कडा पिवळ्या. 'नुकतंच उडालेलं पिल्लू' हा संकेत एशियन ब्राउनसाठी सोन्यासारखा आहे. मे ते ऑगस्टमध्ये घाटात दिसलेला एशियन ब्राउन उशिरा थांबलेला पाहुणा की विणीचा रहिवासी, हे नुसत्या तारखेवरून ठरत नाही. ठिपकेदार पिल्लू आणि त्याचा फोटो ते ठरवतो. आणि आवाज वाजवून चिडवलेल्या पक्ष्याला 'अस्वस्थ वर्तन' हा संकेत लावणं म्हणजे स्वतः काडी लावून धूर नोंदवणं.

ईबर्डचे गुण कापले जातात ते इथून पुढे. घरट्याची उंची, झाड, अंडी किती, पिल्लं कधी उडाली, घरटं का फसलं, यांपैकी कशालाही रकाना नाही. सगळं टिप्पणीत मोकळ्या मजकुरात जातं, आणि मोकळा मजकूर चाळायचा तर माणूसच बसवावा लागतो. एकाच घरट्याच्या पाच भेटी पाच सुट्या याद्यांत विखुरतात, त्यांना जोडणारा धागा नाही. त्यासाठी साधा उपाय: वहीत घरट्याला क्रमांक द्यायचा, तोच प्रत्येक यादीच्या टिप्पणीत लिहायचा. दुसरी उणीव सेवेची नाही, आपली आहे. टिकेल्स ब्लू आणि घाटातले इतर रहिवासी ऐन पावसाळ्यापर्यंत वीण करतात आणि त्याच काळात दुर्बिणी कपाटात जातात. भीमाशंकर, आंबोली, कोयनेच्या पट्ट्यात जुलैत पट्टी कोरी दिसली तर तिचा अर्थ पक्षी नाही असा लावण्याआधी याद्या किती आल्या ते बघा. पावसात पंधरा मिनिटांची, एका जागी छत्रीखाली उभं राहून केलेली यादीही पूर्ण यादी असते.

घरट्याची जागा हा गंभीर मुद्दा. यादीचं ठिकाण सर्वांना दिसतं. घरट्यावर स्वतंत्र खूण टाकली की पुढच्या रविवारी तिथे कॅमेऱ्यांची रांग लागते. म्हणून घरट्याची नोंद जवळच्या मोठ्या हॉटस्पॉटखाली टाकावी आणि पिल्लं उडून गेल्यावरच यादी पाठवावी. तारीख मागची टाकता येते, उशीर झाल्याने नोंदीची किंमत कमी होत नाही. या बाबतीत आयनॅचरलिस्ट ही निसर्गनोंदींची दुसरी सेवा सरस आहे: तिथे नोंद करणारा स्वतः ठिकाण धूसर करू शकतो. पण तिथे पक्षी न दिसल्याची नोंद होत नाही, म्हणून स्थलांतरासाठी ते ईबर्डच्या जवळपासही येत नाही.

माहिती परत मिळवणं सोपं आहे, तेवढं वापरलं जात नाही. खातं काढून, कारण लिहून मागणी केली की हव्या त्या जिल्ह्याच्या, हव्या त्या पक्ष्याच्या नोंदींची फाइल मिळते. त्यात विणीचे संकेत आणि टिप्पण्यांचे रकानेही असतात. संपूर्ण भारताची फाइल मागवून एक्सेलमध्ये उघडायला जाऊ नका, एक्सेल 10,48,576 ओळींवर थांबतं आणि खालच्या नोंदी दिसतच नाहीत. मोठ्या कामाला आर या संगणकभाषेतलं 'ऑक' हे साधन आहे. 2023 सालच्या भारतीय पक्ष्यांच्या सद्यःस्थिती अहवालात 942 जातींचा जो आढावा आहे, तो याच प्रकारच्या, सुमारे तीस हजार निरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे.

जुन्या वह्या भरणाऱ्यांसाठी थोडं. वेळ आणि अंतर लिहिलेलं नसेल तर 'ऐतिहासिक' प्रकार निवडा. 'जून 1994' एवढंच असेल तर मनाने 15 तारीख टाकू नका, स्तंभालेखात ती तिसऱ्या आठवड्यात जाऊन बसते. जुन्या पुस्तकांत 'रेड-थ्रोटेड' किंवा 'रेड-ब्रेस्टेड' या एकाच नावात आजचे रेड-ब्रेस्टेड आणि टायगा दोन्ही होते, त्यामुळे वर्णन नसेल तर जोडनाव. 'एशियन पॅराडाइज' मात्र आपल्याकडे सरळ 'इंडियन पॅराडाइज' होतो.

टिप्पणी कशी असावी, त्याचा एक नमुना: 'घरटं क्र. 3. ओढ्याकाठचा उतार, जमिनीपासून अंदाजे 1 मीटर, मुळाआड खोबण. 20 मिनिटांत मादी दोनदा आत, दुसऱ्यांदा पांढरी पिशवी घेऊन बाहेर. 15 मीटरवरून, आवाज वाजवला नाही.' एवढं लिहायला दोन मिनिटं लागतात.